चाळीस श्रेयांक म्हणजे किती शिक्षण?

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या समकक्षता समितीवर बाहेरचे सदस्य म्हणून आम्हांला बोलावणे आले. दुसऱ्या विद्यापीठांतून आलेल्या विद्यार्थ्यांचे आधीचे शिक्षण आपल्या अभ्यासक्रमाशी जुळते की नाही, हे ठरविणे हे समितीचे काम. टेबलावर अकरा फाइली होत्या. जेवणाच्या सुटीपूर्वी सगळ्या निकालात निघाल्या. त्यांतली एक फाइल रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीची होती. बी.एस्‌सी.ची दोन वर्षे पूर्ण झाल्यावर वडिलांची बदली झाली, म्हणून ती या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश मागत होती. गुण उत्तम होते. मात्र या विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाच्या भौतिक रसायनशास्त्रात विद्युतरसायनावर एक पूर्ण घटक होता आणि तिच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात तो नव्हता. दुसऱ्या वर्षाचे दोन पेपर तिने येथे पुन्हा द्यावेत, असे ठरले. त्या पेपरांचे तास तिसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात बसेनात. तिचे एक वर्ष गेले.

पुढे हीच विद्यार्थिनी उन्हाळी प्रकल्पासाठी आमच्या प्रयोगशाळेत आली. वाहकतामापी ती इतक्या सफाईने हाताळत होती, की हे कुठे शिकलीस, असे आम्ही विचारले. "आम्हांला पहिल्या वर्षालाच होतं," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने आपले जुने जर्नल आणून दाखविले. वाहकता मोजून केलेले अनुमापन, विद्युतघटाचे विभव, आलेखांसह सगळे त्यात होते. तिच्या विद्यापीठात विद्युतरसायन एक वर्ष आधी शिकवीत होते, एवढाच काय तो फरक. पहिल्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम तिच्या फाइलीला जोडलेला होता. ती पाने आम्ही उलटलीच नव्हती. निर्णयाच्या कागदावर इतरांबरोबर आमचीही सही आहे.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण असे, की अशा अडचणी आता दूर होतील असे आपल्याला सांगितले जात आहे. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, एका मध्यवर्ती खात्यात जमा होतील, तो ते घेऊन कोणत्याही महाविद्यालयात जाऊ शकेल, मध्येच शिक्षण थांबले तरी काही वर्षांनी परत येऊन पुढे शिकू शकेल. ही कल्पना चांगली आहे. मात्र वर सांगितलेली चूक तिने टळली असती का, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिचे मूल्यमापन होणार नाही.

नवी व्यवस्था काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या व्यवस्थेचे नियम प्रसिद्ध केले. सोयीसाठी आपण तिला श्रेयांक-पेढी म्हणू. विद्यार्थी या पेढीत खाते उघडतो. तो ज्या संस्थेत शिकतो ती संस्था त्याने मिळविलेले श्रेयांक खात्यात भरते. विद्यार्थ्याने स्वतः नेऊन दिलेली कागदपत्रे पेढी स्वीकारत नाही. खोट्या गुणपत्रकांना आळा घालण्याच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच आहे. श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावे लागतात. पदवीसाठी एकदा वापरलेले श्रेयांक खात्यातून वजा होतात, ते दुसऱ्या पदवीसाठी पुन्हा वापरता येत नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने पदवी अभ्यासक्रमांचा आराखडा दिला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर ४० श्रेयांक आणि त्यावर एक लहान व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते, तसेच दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्याने पाचवी उत्तीर्ण ही पहिली पातळी, आठवी दुसरी, दहावी तिसरी आणि बारावी चौथी धरून शालेय शिक्षणही याच मापात आणले. तेव्हा शाळेतल्या शिक्षकांनी हा विषय महाविद्यालयांचा म्हणून बाजूला ठेवू नये.

पूर्वी घर बदलले, नोकरी लागली, लग्न झाले किंवा पैसे संपले आणि दुसऱ्या वर्षातून नाव काढावे लागले, तर त्या विद्यार्थ्याच्या हाती काही गुणपत्रकांखेरीज काहीच उरत नसे. पदवी नाही म्हणजे बारावी पास, असाच हिशेब होता. पूर्ण केलेल्या प्रत्येक विषयाची नोंद टिकून राहावी, हा विचार त्या विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. आमचा आक्षेप या हेतूवर नाही. ज्या मापाच्या आधारावर ही पेढी उभी आहे, ते माप काय मोजते, हे नीट तपासले गेलेले नाही, असे आम्हांला वाटते.

एका एककाचा जन्म

हे माप अमेरिकेत तयार झाले आणि त्याचा संबंध प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाशी आहे. पोलादाच्या धंद्यात अफाट संपत्ती मिळविलेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. पण ही रक्कम कोणत्या संस्थांतल्या प्राध्यापकांना द्यायची? 'कॉलेज' हे नाव लावणाऱ्या संस्थांचा दर्जा त्या काळी फार वेगवेगळा होता. तेव्हा कार्नेगी प्रतिष्ठानाने घातलेल्या अटींपैकी एक अशी, की प्रवेशासाठी माध्यमिक शाळेतील किमान १४ एककांचे शिक्षण मागणारी संस्थाच कॉलेज समजली जाईल. एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले १२० तास. निवृत्तिवेतन मिळावे म्हणून कॉलेजांनी हे एकक स्वीकारले आणि कॉलेजांत प्रवेश मिळावा म्हणून शाळांनीही ते स्वीकारले. पुढे १९१० साली मॉरिस कुक या अभियंत्याने याच प्रतिष्ठानासाठी महाविद्यालयांच्या कार्यक्षमतेवर एक अहवाल लिहिला. कारखान्यातील कामाचे घड्याळ लावून मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचे ते सहकारी. एका विद्यार्थ्याचा एक तास हे हिशेबाचे माप त्यांनी मांडले.

म्हणजे हे एकक जन्मापासून वेळेचे एकक आहे. शंभराहून अधिक वर्षांनी, २०१५ साली, त्याच कार्नेगी प्रतिष्ठानाने आपल्या एककाचा फेरविचार करणारा अहवाल प्रसिद्ध केला. प्रशासनाला हे माप उपयोगी आहे, पण शिकण्याचे माप म्हणून ते बनविलेलेच नव्हते, असे त्यात मान्य केले आहे.

कोणी म्हणेल, श्रेयांक नुसते बसून मिळत नाहीत, परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. बरोबर आहे. परंतु त्या परीक्षेत काय विचारले होते, हे श्रेयांकाच्या आकड्यात उतरत नाही. पाठ केलेल्या पाच टिपा लिहून मिळालेले चार श्रेयांक आणि अनोळखी गणित सोडवून मिळालेले चार श्रेयांक खात्यात सारखेच दिसतात. श्रेणी शेजारी लिहिलेली असते खरी, पण श्रेणीसुद्धा त्या त्या परीक्षेपुरतीच असते.

एक वर्ष, तीन आकडे

आता या एककाने थोडे गणित करून पाहू. पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे एक वर्ष अमेरिकेत साधारणपणे ३० श्रेयांकांचे धरतात, भारतात ४० आणि युरोपात ६० श्रेयांकांचे. युरोपीय श्रेयांक-पद्धत १९८९ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या एकूण कामाचे २५ ते ३० तास, म्हणजे वर्षाचे १५०० ते १८०० तास होतात. आपल्या राष्ट्रीय आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे शिकण्याचे ३० तास, म्हणून ४० श्रेयांकांचे १२०० तास.

समजा, आपला विद्यार्थी एक वर्ष पूर्ण करून जर्मनीला गेला. 'एक वर्ष बरोबर एक वर्ष' असे धरले तर त्याचे ४० श्रेयांक तेथे ६० होतात. तासांनी भागले तर १२०० भागिले २५ म्हणजे ४८, किंवा १२०० भागिले ३० म्हणजे ४०. विद्यार्थी तोच आणि त्याचे शिक्षणही तेच, पण उत्तरे मात्र तीन. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उत्तरात २० श्रेयांकांचा फरक आहे, म्हणजे युरोपातल्या वर्षाचा तिसरा हिस्सा.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात व्याख्यानाचा एक श्रेयांक १५ तासांचा आणि प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा आहे. राष्ट्रीय आराखड्याच्या ३० तासांशी मेळ घालायचा तर व्याख्यानाच्या १५ तासांमागे घरच्या अभ्यासाचे १५ तास धरावे लागतात. प्रात्यक्षिकाचे ३० तास मात्र प्रयोगशाळेतच संपतात. मग घरी बसून नोंदी पुऱ्या करणे, आलेख काढणे, चूक कुठे झाली याचा विचार करणे, या तासांचे काय? विज्ञान शिकण्यातला मोठा भाग या तासांत असतो आणि हिशेबात त्यांना जागा नाही.

वर्गात आपण तापमापी शिकवितो तेव्हा सांगतो, की नुसत्या ४० या आकड्याला अर्थ नाही. सेल्सिअसमध्ये तो भर उन्हाळा आहे आणि फॅरनहाइटमध्ये कडाक्याची थंडी. दोन तापमापींची तुलना करायची तर दोन्ही वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून त्यांचे अंशांकन करावे लागते. दोन विद्यापीठांच्या श्रेयांकांसाठी असे स्थिर बिंदू कोणते, याचे उत्तर पेढीच्या नियमांत नाही. पेढी वाचन नोंदवून ठेवते, पण तापमापी तपासणे तिच्या कामात बसत नाही.

रुपया आणि श्रेयांक

'पेढी' या शब्दामुळेही थोडा गोंधळ होतो. आपण पुण्यात भरलेला रुपया नागपुरात काढतो तेव्हा तो कोणत्या कामातून मिळाला, हे कोणी विचारत नाही. सगळे रुपये सारखे असतात. श्रेयांकांचे तसे नाही. सेंद्रिय रसायनाचे चार श्रेयांक देऊन कलनाचे चार श्रेयांक घेता येत नाहीत. शिवाय विषयांना क्रम असतो. कलन न शिकता ऊष्मागतिकी समजणार नाही आणि ऊष्मागतिकीवाचून रासायनिक समतोल अर्धाच कळेल. खात्यात बेरीज १२० झाली, तरी त्यांतून एक विषय उभा राहतो का, हे बेरजेवरून दिसत नाही.

सात वर्षांच्या मुदतीचाही विचार करू. संगणकाच्या एखाद्या भाषेचा अभ्यासक्रम सात वर्षांत जुना होऊ शकतो. न्यूटनचे नियम होत नाहीत. विद्यार्थी विसरतो हे खरे, पण तो दोन वर्षांतही विसरतो, आणि रोज तेच काम करणारा दहा वर्षांतही विसरत नाही. मुले लहान असताना शिक्षण सोडलेली एखादी आई धाकटे मूल शाळेत रुळल्यावर आठव्या वर्षी परत आली, तर तिचे खाते रिकामे. जिच्यासाठी ही सोय केली असे म्हणतो, तिलाच ती अपुरी पडते. अशा विद्यार्थ्यांची छोटी चाचणी घेऊन जुने श्रेयांक पुन्हा ग्राह्य धरणे अवघड नाही.

सिद्ध कोणी करायचे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेढीत श्रेयांक जमा असले, तरी अमुक विषय तमुक विषयाच्या जागी चालेल का, हे पदवी देणारी संस्थाच ठरविते. जागा रिकामी आहे का, हा प्रश्न वेगळाच. म्हणजे समकक्षता समित्या होत्या तेथेच आहेत. आमच्या अकरा फाइली आज संगणकाच्या पडद्यावर दिसल्या असत्या, एवढाच फरक. पहिल्या वर्षाची पाने तेथेही उलटावीच लागली असती.

श्रेयांक जेथे जन्मला त्या अमेरिकेचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. तेथील संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात महाविद्यालय बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी अंदाजे ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी वाया गेले, असे त्यात आढळले. एकक एकच, देश एकच, शतकभराची सवय, तरीही ही गत. समान एकक असणे गरजेचे आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही.

युरोपने एककाबरोबर आणखी दोन गोष्टी केल्या आणि त्या आपण उचलल्या पाहिजेत. पहिली अशी, की काही महिन्यांसाठी दुसऱ्या विद्यापीठात जाणारा विद्यार्थी निघण्यापूर्वीच कोणते विषय घेणार आणि ते परतल्यावर कशाच्या जागी धरले जाणार, याचा करार होतो. त्यावर विद्यार्थ्याची आणि दोन्ही संस्थांची सही असते. वाद आधीच मिटतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९९७ साली लिस्बन येथे झालेल्या करारानुसार दुसऱ्या देशातले शिक्षण नाकारायचे असेल, तर त्यात आणि आपल्या शिक्षणात मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवून द्यायचे असते. आपल्याकडे नेमके उलटे चालते. आपले शिक्षण तुल्य आहे हे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने सिद्ध करायचे, तेही समोर कोण बसले आहे आणि त्यांनी कोणती पाने वाचली आहेत, हे माहीत नसताना. त्या विद्यार्थिनीबाबत 'मोठा फरक कोणता, ते लिहून द्या' असे आम्हांला कोणी म्हटले असते, तर लिहिण्यासाठी तरी आम्ही फाइल पूर्ण वाचली असती.

विद्यापीठांची भीती अगदीच खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. सैल परीक्षा घेणाऱ्या संस्थेतून श्रेयांक गोळा करून नामवंत संस्थेची पदवी घेण्याचा मार्ग यातून निघू शकतो. पण ही शंका तपासता येते. बाहेरून येऊन तिसऱ्या वर्षाला बसलेले विद्यार्थी आणि आपल्याकडेच पहिली दोन वर्षे केलेले विद्यार्थी, यांचे तिसऱ्या वर्षाचे गुण शेजारी शेजारी मांडून पाहावेत. काही वर्षांचे आकडे एकत्र केले, की कोणत्या ठिकाणचे विद्यार्थी मागे पडतात आणि कोणत्या विषयात, हे दिसू लागेल. हे गुण प्रत्येक परीक्षा विभागाकडे असतातच. स्थिर बिंदू म्हणतात तो हाच. पुढचा विषय पेलता आला, तर मागचे श्रेयांक खरे होते.

तेव्हा श्रेयांक-पेढीबद्दल आमचे मत असे आहे. नोंदीचे काम तिने चांगले मांडले आहे, पण पारखण्याचे काम तिने हातात घेतलेलेच नाही. ते काम शिक्षकांचे आहे आणि त्यासाठी वेळ, माणसे आणि नियम लागतील. अभ्यासक्रमाबरोबर दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका सर्वांना पाहण्यासाठी खुल्या असाव्यात. तुलना वर्षांची न करता विषयाच्या पूर्ण अभ्यासक्रमाची व्हावी. निर्णय ठरावीक दिवसांत आणि लेखी कारणांसह मिळावा. एखादा घटक खरोखरच राहिला असेल, तर तेवढ्याच घटकाची पूरक परीक्षा घ्यावी, त्यासाठी पूर्ण वर्ष मागू नये.

शाळेतल्या शिक्षकांना याची तयारी आजपासून करता येईल. राज्य मंडळाचे आणि केंद्रीय मंडळाचे अकरावीचे रसायनशास्त्राचे पुस्तक घ्या. एक घटक निवडा आणि बारावीच्या विद्यार्थ्यांना तीन रकाने आखायला सांगा: घटकाचे नाव, त्यात शिकविलेला मजकूर आणि तो शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे. पहिला रकाना पाच मिनिटांत भरतो. तिसरा भरायला दोन तासिका लागतील आणि वादही होतील. समकक्षता म्हणजे काय, हे त्या वादातून जितके समजेल तितके नियम वाचून समजणार नाही. आणि हो, विद्यार्थ्यांना आपली जर्नले जपून ठेवायला सांगा. ती मागून घेऊन वाचणारे कोणीतरी समितीत असेल, अशी व्यवस्था उभी करणे मात्र आपल्याकडे आहे.